दुकानातलं अंडं

निवृत्त होऊन दीड महिना झाला तरी ऑफिसातून एकही फोन आला नाही, तेव्हा हेडक्लार्कने कोंबड्या पाळायचं ठरवलं. (या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या बायकोच्या लगेच लक्षात आला. त्याच्या अजूनही आलेला नाही.) तीस वर्षं तो ज्याला त्याला सांगत आला होता, "मी एक दिवस रजा टाकली की ऑफिस ठप्प!" आणि आता ऑफिस ठप्प झाल्याची बातमी काही येईना. कुणाचं तरी आपल्यावाचून अडावं, एवढंच त्याला हवं होतं.

तीन पांढऱ्या कोंबड्या आल्या. मागच्या अंगणात खुराडं बसलं. त्याने कोंबड्यांची नावं ठेवली टायपिस्ट, स्टोअरकीपर आणि जावक-क्लार्क. खुराड्यासमोर खुर्ची टाकून पेपर वाचणं, म्हणजे देखरेख, हे काम त्याने स्वतःकडे घेतलं. दाणे टाकणं, पाणी बदलणं आणि घाण काढणं ही किरकोळ कामं अर्थातच बायकोकडे गेली.

तिसऱ्या आठवड्यात बायको हातात अंडं घेऊन आली.

"अहो, हे बघा. आपल्या कोंबडीने—"

"शक्य नाही," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "कोंबडा कुठाय आपल्याकडे? कोंबड्यावाचून अंडं येतं का कधी?"

"अहो, हात लावून बघा, गरम आहे अजून."

"उन्हात राहिलं असेल. कसं आहे, पांढरं ना? घरचं अंडं तपकिरी असतं. हे दुकानातलं असेल."

"दुकानातलं अंडं मी खुराड्यात नेऊन कशाला—"

"अगं, मला शिकवू नकोस!"

एकतीस वर्षांच्या संसारात त्याने तिचं एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. पहिली दहा वर्षं तिला राग यायचा. पुढे रागाचाही कंटाळा आला. ती आत गेली आणि त्या अंड्याचं ऑम्लेट करून तिने त्याच्यापुढे ठेवलं.

"दुकानातल्या अंड्याला चव म्हणून नसते," तो ते चाटूनपुसून खात म्हणाला. "आपल्या कोंबड्या घालायला लागल्या ना, मग बघ."

असं रोज चाललं. रोज तो आपल्याच कोंबडीचं अंडं खायचा आणि रोज नावं ठेवायचा. त्याचं खाऊन उरलेली अंडी बायको शेजारच्या शिंपीणबाईंना देऊ लागली. त्या निदान 'छान आहेत' म्हणायच्या.

शेवटी तो कोंबडा घेऊन आला. कोंबडीवाल्याने विचारलं, "पिल्लं काढायचीत का साहेब? नुसत्या अंड्यांना कोंबडा लागत नाही." त्यावर हेडक्लार्क नुसता हसला. (मूर्खाला हसून सोडून द्यायची त्याची जुनी सवय. ऑफिसात या हसण्याला सगळे वचकून असत, असा त्याचा समज होता.)

बायको पहिल्या दिवसापासून कोंबड्याला 'साहेब' म्हणू लागली. हेडक्लार्कला ते आदरार्थी वाटलं. कोंबडा पहाटे आरवतो हे त्याला माहीत होतं. हा पहाटे तर आरवायचाच, शिवाय सकाळी दहाला, जेवताना आणि ऐन वामकुक्षीतही आरवायचा. बाकीचा वेळ तो तिघींच्या मागे धावायचा, त्यांच्या पाठीवरची पिसं उपटायचा आणि दाण्यांवर आधी स्वतः तुटून पडायचा. बिचाऱ्या कोपऱ्यात अंग चोरून बसू लागल्या.

"शिस्त लागतेय," हेडक्लार्क म्हणाला आणि त्याने आपल्या जागेवर आलेल्या नव्या हेडक्लार्कला रविवारी 'घरच्या अंड्यांच्या' नाश्त्याला बोलावलं.

रविवारी पाहुणा आला. अंडी मात्र नव्हती. बायकोने चहा-बिस्किटं मांडली. "सुरुवातीला वेळ लागतोच," असं हेडक्लार्क समजावत होता, तेवढ्यात शिंपीणबाई आत डोकावल्या.

"वहिनी, आठवडा झाला, अंडी नाहीत ती? महिनाभर रोज न चुकता देत होतात. हा मेला कोंबडा आला आणि सगळं बंदच पडलं!"

बायकोने कपात साखर ढवळली. नवा हेडक्लार्क हसून म्हणाला, "साहेब, ऑफिसातही आम्ही—" आणि चटकन त्याने बिस्किट तोंडात घातलं.

त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग हेडक्लार्कला आयुष्यात पहिल्यांदाच ऐकायचा होता. पण बिस्किट संपलं तरी पाहुण्याने तो सांगितला नाही.

सोमवारी कोंबडा परत गेला. पुढचे चार दिवस घरात कुणीच आरवलं नाही. पाचव्या दिवशी हेडक्लार्क खुर्चीवरून उठला आणि पहिल्यांदाच स्वतः खुराड्यात वाकला. गवतात एक अंडं होतं. गरम. त्याला खरोखरच आनंद झाला. ते दोन्ही हातांत धरून तो लगबगीने स्वयंपाकघरात गेला.

"अगं, हे बघ! आपल्या कोंबडीने—"

बायको पेपर वाचत होती. तिने मान वर केली नाही.

"पांढरं आहे ना?" ती म्हणाली. "दुकानातलं असेल."