नंदकुमार वकिलांचा शिस्तभंगाबद्दल जाहीर सत्कार

शिस्त ही मुळात दुसऱ्याला लावायची वस्तू आहे. एवढं तत्त्व मान्य केलं की माणूस समिती स्थापन करायला मोकळा होतो. यंदा, १९८४ साली, वाशीतल्या आमच्या सोसायटीने 'हलगर्जी वकील शिस्त समिती' स्थापन केली ती याच तत्त्वावर. अध्यक्ष मधुकरराव (सरकारी खात्यात हेडक्लार्क, त्यामुळे विलंबाचा दांडगा अनुभव), चिटणीस चारुलताबाई, आणि सदस्य मी (कोरमसाठी).

कारण गंभीर होतं. आम्हाला मासळी देणाऱ्या यशोदाबाई सेक्टर संपून गाव सुरू होतं तिथे राहतात. त्यांचं घर आपल्या गोदामाच्या जागेत येतं, असं एका कंत्राटदाराचं म्हणणं. बाईंनी ठाण्याच्या कोर्टात दावा लावला, घर पाडायला मनाई मिळवली, आणि तारखा सुरू झाल्या. तारीख पडायची नेमकी बुधवारी. बाई ठाण्याला, म्हणजे सोसायटीत पापलेट नाही. तीन वर्षांत असे एकोणीस बुधवार आम्ही वरणभातावर काढले. अन्यायाची चीड येते ती अशी.

चौकशीत असं दिसलं की बाईंचे वकील, श्री. नंदकुमार, एकोणीसपैकी दोन तारखांना हजर होते. (त्यातही एकदा ते चुकून या कोर्टात शिरले होते.) उरलेल्या सतरांची कारणं: सासरे वारले (चार वेळा, सासरे एकच), फाइल घरी राहिली, फाइल ऑफिसात राहिली, फाइल आणली पण चष्मा राहिला, आणि 'साहेब आत्ताच इथे होते'. पट्टेवाला नाव पुकारायचा, बाई पुढे होऊन म्हणायच्या, "हाय मी. वकील वाटेवर हाय." जज्जसाहेब बाईंकडे बघायचे आणि पुढची तारीख द्यायचे.

पहिला उपाय म्हणून आम्ही वर तक्रार करायचं ठरवलं. तक्रारीला प्रतिज्ञापत्र लागतं, ते नोटरीसमोर करावं लागतं, आणि आमच्या भागात नोटरी एकच. नंदकुमार वकील. त्यांनी स्वतःविरुद्धचा मजकूर शांतपणे वाचला, 'हलगर्जीपणा'च्या आधी 'घोर' घाला, वजन येतं, असं सुचवलं, आणि गुरुवारी शिक्का मारून देतो म्हणाले. गुरुवारी ते नव्हते.

मग शिक्षा काय करावी यावर सहा सभा झाल्या. मोर्चा (ऊन फार), बहिष्कार (मधुकररावांच्या मेहुण्याची केस त्यांच्याकडेच), काळं फासणं (चारुलताबाईंच्या मते असभ्य). शेवटी मी म्हटलं, त्यांचा जाहीर सत्कारच करून टाकू. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात सतराच्या सतरा गैरहजेऱ्या तारखेनिशी वाचायच्या. माणूस लाजून अर्धा होईल. सूचना एकमताने पास झाली. (मी ती गंमत म्हणून केली होती, हे इतिवृत्तात आलं नाही.)

दिवस कुठला धरायचा? वकील मोठे बिझी. पण आम्ही रेकॉर्ड तपासलं. ते नक्की कोर्टात नसतात असा एकच दिवस सापडला, तो म्हणजे यशोदाबाईंच्या तारखेचा. ठरलं. १२ सप्टेंबर, बुधवार, सकाळी अकरा. आम्ही सगळ्यांनी हाफ डे टाकला.

श्रीफळ द्यायला अन्यायग्रस्त म्हणून यशोदाबाई हव्या होत्या. त्या तयार होईनात.

"माजी तारीख हाय."

"अहो मावशी," चारुलताबाई समजुतीने म्हणाल्या, "वकीलच इथे असणार, तर तुम्ही एकट्या तिथे जाऊन काय करणार?"

"आजपरेंत काय केलं? उबी ऱ्हायले."

उभं राहणं हे काही कायदेशीर काम नव्हे, असं अध्यक्षांनी रूलिंग दिलं. टेन्शन घेऊ नका, आम्ही आहोत ना, असंही सगळ्यांनी सांगितलं. बाई बिचाऱ्या नवं लुगडं नेसून आल्या.

कार्यक्रम दणक्यात झाला. दोनशे माणसं. मानपत्रातल्या सतरा तारखांपैकी प्रत्येकीला टाळी पडली. लोकांना वाटलं, या जिंकलेल्या केसेस. वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. अशील असावं तर असं, म्हणाले. स्टेजवरून खाली उतरेपर्यंत चौदा जणांनी त्यांचा पत्ता घेतला.

त्याच सुमाराला ठाण्यात पट्टेवाल्याने यशोदाबाईंचं नाव तीनदा पुकारलं. वकील नव्हता, आणि वीस तारखांत पहिल्यांदाच बाईही नव्हत्या. दावा काढून टाकला, मनाई उठली. कंत्राटदाराचा वकील मात्र वेळेवर हजर होता. (त्याचा अजून कुणी सत्कार केलेला नाही.)

समितीने तातडीने चौकशी केली. अहवाल चार पानांचा, निष्कर्ष एका ओळीचा: वकिलांची गैरहजेरी अपेक्षितच होती, अनपेक्षित गैरहजेरी एकट्या यशोदाबाईंची. त्यांना सक्त ताकीद देण्यात आली. दावा परत उभा करायचा अर्ज नंदकुमार वकीलच करणार आहेत, चौदा नव्या अशिलांतून सवड मिळाली की.

परवा बाई टोपली न घेता आल्या. शुक्रवारी सकाळी कंत्राटदार माणसं आणून घर पाडणार आहे.

"वकील नको, भाषान नको," त्या म्हणाल्या. "धा मानसं येऊन माज्या ओट्यावर बसा. शिकल्यासवरल्यांच्या अंगावर भिंत नाय पाडनार तो."

समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला. मधुकररावांच्या ऑफिसात शुक्रवारी ऑडिट आहे. चारुलताबाईंकडे नणंद येतेय. माझी दाढ काढायची आहे, आणि डॉक्टरला शब्द दिलाय.

राहिलात तुम्ही. इथपर्यंत वाचलंत, म्हणजे बाईंची बाजू तुम्हाला पटलेली दिसते. शुक्रवार, सकाळी दहा, यशोदाबाईंचा ओटा. वहीत तुमचं नाव लिहून पुढचा 'कारण' हा रकाना मोकळा ठेवलाय. अक्षर जरा सुवाच्य काढा, अहवालात घ्यायचंय.