न सापडलेल्यांचा पत्ता

शववाहिका तिसऱ्यांदा सासऱ्यांच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सासरे जिवंत होते आणि अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पेपर परवाचा होता. ताजा येत नव्हता, कारण दुसऱ्या खेपेला गाडी पाहून पेपरवाल्याने काय समजायचं ते समजून पेपर बंद केला होता. दूधवाला त्याहून हळवा. त्याने पहिल्याच खेपेला बंद केलं होतं.

जावयाला हे सगळं बायकोच्या फोनवरून कळलं. तो नगरपालिकेच्या वाहन विभागात कारकून होता आणि त्या वेळी टेबलावरच्या कागदांना टाचण्या लावत होता.

"अहो, पुन्हा आलीय ती गाडी. शेजारच्या काकूंनी कळवलं."

"कुठली गाडी?"

"कुठली म्हणजे? तुमच्याच ऑफिसची! आई गेल्यापासून आठ महिने बाबांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. कोणाशी धड बोलत नाहीत. जगायची इच्छाच सोडल्यासारखे बसून असतात. त्यात दारात ही गाडी. एखाद्याने काय समजायचं, बोलावणं आलं म्हणून? बाबांचं काही बरंवाईट झालं ना, तर मी तुमच्या ऑफिसला सोडणार नाही. आणि तुम्हालाही."

जावयाने टाचण्या खाली ठेवल्या. एकदा चूक होते, दोनदा योगायोग म्हणता येतो. तिसऱ्यांदा मात्र तपास करावा लागतो. तो रजिस्टरशी गेला. शववाहिकेला आजचा पुकारा 'तीन पायऱ्या' नावाच्या जागेचा होता. त्याने संगणकावर आपली यादी उघडली.

ही यादी त्याचीच. शववाहिकेचा जुना ड्रायव्हर दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाला आणि जाताना सगळं शहर डोक्यात घेऊन गेला. नवा ड्रायव्हर बाहेरगावचा. त्याला मोबाइलमध्ये दोन आकडे घालून दिले, की तो बरोब्बर त्या जागी जाई. नुसतं नाव सांगितलं, की कुठेही जाई. म्हणून साहेबांनी जावयाला बोलावून शहरातल्या नऊशे चाळीस जागांची नावं दिली होती. "प्रत्येक नावापुढे अक्षांश-रेखांश पाहिजेत. खर्च करायचा नाही. आणि हे बघा, एकही रकाना रिकामा चालणार नाही. रिकामा रकाना म्हणजे कामात कुचराई!"

जावयाने इंटरनेटवर फुकट मिळणारे दोन नावांचे साठे शोधून काढले. जगभरच्या हौशी माणसांनी आपापल्या गल्ल्या मोजून ते भरलेले होते. नाव टाकलं, की आकडे हजर. आठशे अठ्ठावीस जागा अशा पटापट मिळाल्या. उरलेल्या एकशे बारा जागा मात्र कोणाच्याच नकाशावर नव्हत्या. त्या लोकांच्या तोंडात होत्या. तीन पायऱ्या, वाकडा नळ, बंद गिरणीमागची चाळ, हिरवं दार. पण साठा फार भिडस्त. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. जागा सापडली नाही, की तो शहराच्या बरोब्बर मधल्या बिंदूचे आकडे पुढे करी, आणि शेजारच्या 'खात्री' नावाच्या रकान्यात शून्य लिही.

हा 'खात्री'चा रकाना छापताना पानात बसत नव्हता. म्हणून जावयाने तो लपवला. एकशे बारा ठिकाणी तेच ते आकडे आलेले त्याला दिसले नव्हते असं नाही. पण शहर केवढंसं, आकड्यांत फरक पडून पडून कितीसा पडणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. रकाने भरलेले पाहून साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती.

आता त्याने तो मधला बिंदू नकाशावर मोठा करून पाहिला. बिंदू चौकात नव्हता, नगरपालिकेतही नव्हता. तो सासऱ्यांच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपासून दोन हातांवर पडला होता.

जावयाने स्कूटर काढली. रस्ताभर तो माफीची वाक्यं जुळवत होता. सासरे चाळीस वर्षं पोस्टमन होते. एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नाही, हा त्यांचा आयुष्याचा अभिमान. अशा माणसाच्या दारात आपण तीन वेळा चुकीचा पत्ता पाठवला, आणि तोही असा!

तो पोचला तेव्हा गाडी अजून उभीच होती, कारण सासरे बुटांना पॉलिश करत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. खांद्यावर जुनी खाकी पिशवी होती. शेजारच्या काकू खिडकीत पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"बाबा, कुठे निघालात?"

"तीन पायऱ्या."

"ह्या गाडीतून?"

"पुढे बसतोय. मागे बसायला अजून अवकाश आहे."

ड्रायव्हर खाली उतरला. "साहेब, काकांना काही बोलू नका. पहिल्या वेळी त्यांनी तोंडी रस्ता सांगितला, मी दोनदा चुकून परत इथेच आलो. तेव्हा काका म्हणाले, सरक, आणि बसले गाडीत. तेव्हापासून काकाच पुढे असतात. काम झालं, की मी आणून सोडतो."

"तेव्हापासून म्हणजे? तीनदाच ना आली गाडी?"

"तीन काकूंनी पाहिल्या," सासरे नाडी बांधत म्हणाले. "दुपारी त्या झोपतात. ही अकरावी."

जावई मटकन खुर्चीत बसला. बायको ज्याला आठ महिने फाटकाबाहेर काढू शकली नव्हती, तो माणूस अकरा वेळा शहर फिरून आला होता, तेही शववाहिकेतून. त्या गाडीतून जाऊन घरी परत येणारा शहरात दुसरा कोणी नसावा.

"बाबा, चूक माझी आहे," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. साठा, बिंदू, लपवलेला रकाना, काहीही हातचं राखलं नाही. "ज्या जागा कुठेच सापडत नाहीत, त्या सगळ्यांना तुमचा पत्ता लागलाय."

"किती आहेत?"

"एकशे बारा."

सासऱ्यांनी दुसरी नाडी बांधली. मग म्हणाले, "टपालातही असंच होतं. ज्या पत्राचा पत्ता कोणाला लागत नसे, ते माझ्या पिशवीत टाकायचे. हा शोधील म्हणायचे." त्यांनी पिशवीचा पट्टा सारखा केला. "आठ महिन्यांत मला कोणी काही विचारलं नव्हतं हो, जावईबापू. आलेल्या प्रत्येकाने मलाच सांगितलं. देवाची मर्जी, धीर धरा. रस्ता विचारला तो ह्या ड्रायव्हरने."

जावयाचे डोळे भरून आले. "मग राहू दे का तसंच?"

"अजिबात नाही!" सासऱ्यांचा आवाज चढला. "तुमच्या सासूबाई गेल्या तेव्हा गाडीला पाऊण तास लागला होता. मी फाटकाशी उभा होतो. ज्याच्या घरात माणूस गेलंय, त्याने रस्त्याकडे डोळे लावून बसायचं? मी इथून नेऊन पोचवलं तरी दहा मिनिटं वाया जातातच. उद्यापासून दुरुस्तीला लागू. आता बाजूला व्हा, तिकडे माणसं खोळंबलीत."

गाडी गेली. काकूंनी जावयाला खिडकीतूनच विचारलं, "नेलं का हो?"

"नेलं," जावई म्हणाला. "येतील तासाभरात."

पुढचे अकरा दिवस ऑफिस सुटलं, की जावई स्कूटर घेऊन हजर होई. सासरे मागे बसत आणि खांद्यावर टकटक करून डावं-उजवं सांगत. 'तीन पायऱ्या'ला आता दोनच उरल्या होत्या. 'वाकडा नळ' सरळ करून पंधरा वर्षं झाली होती. 'हिरवं दार' निळं होतं. एकेका जागी उभं राहून जावई मोबाइलवरचे आकडे टिपून घेई आणि सासरे तिथल्या माणसांची विचारपूस करत. एका म्हातारीने तर त्यांना पाहताच विचारलं, "पत्र आलंय का?" एकशे बारावी जागा झाली तेव्हा सासऱ्यांनी यादीखाली तारीख घालून सही केली.

नवी यादी ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये गेली आणि गाडी थेट ज्याच्या त्याच्या दारात पोचू लागली. सासऱ्यांच्या दारात यायची बंद झाली. दूध सुरू झालं. पेपर सुरू झाला. सासरे रोज इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात बसत, आणि पेपरचं पान तासभर उलटत नसे.

"बाबा पुन्हा गप्प झालेत," बायको म्हणाली. "काल बुटांना पॉलिश केलं आणि तसेच जागेवर ठेवून दिले. केलीत ना घाईघाईने दुरुस्ती?"

"तूच म्हणालीस ना, गाडी थांबवा म्हणून!"

"तेव्हा मला काय माहीत होतं?"

जावई दोन दिवस जेवणावरून अर्धवट उठला. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेब खुशीत होते.

"तुमच्या यादीबद्दल एक तक्रार नाही आली! तेव्हा मी ठरवलं, असं काम एकट्या शववाहिकेसाठी का? आजपासून रस्त्यावरचे दिवे, झाडं छाटणारे, भटकी कुत्री पकडणारे, सगळ्यांना ती वाटून टाकली."

"नवी यादी ना, साहेब?"

"नवी कुठली? तुम्ही पहिल्यांदा दिलीत ती. मी जपून ठेवली होती. कसे सगळे रकाने भरलेले!"

जावई धावत टेबलाशी आला. दुरुस्त यादी ताबडतोब सगळीकडे पाठवायला त्याने हात उचलला, तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. मागे हॉर्न वाजत होते, कुत्री भुंकत होती, आणि कोणीतरी खणखणीत आवाजात सांगत होतं, "शिडीवाल्याने आधी फिरवा गाडी! कुत्रेवाले, तुम्ही माझ्यामागून या!"

"अहो, मी बाबांकडे आलेय. इथे चार गाड्या उभ्या आहेत. बाबांनी बूट घातलेत," ती म्हणाली. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "तुम्हाला एक निरोप द्यायला सांगितलाय. म्हणतात, जावईबापूंना म्हणावं, ह्या वेळी दुरुस्तीची घाई नको. जिवंत माणसं जरा थांबली तरी चालतात."