गांगुर्डे आप्पा आणि चंद्रीचा खोकला

मी राहतो त्या घरात रोज संध्याकाळी घोडा खोकतो. घरात घोडा नाही.

नांदूर नाक्याजवळ गांगुर्डे आप्पांच्या घरावरची खोली मी कॉलेजसाठी भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी खालून तो आवाज आला. एक लांब, कोरडा खोकला, मग नाक फुरफुरणं, आणि त्यावर आप्पांचा शांत स्वर, "छे, हा धुळीचा." मी पेठ तालुक्यातला. आमच्या घरातून कॉलेजात पोहोचलेला पहिलाच. शहरात काय काय असू शकतं याचा मला अंदाज नव्हता, म्हणून जरा भीतभीतच जिन्यावरून वाकून पाहिलं. आप्पा ओट्यावर मोबाइल कानाला लावून, डोळे मिटून बसले होते. भजन ऐकावं तसे.

आप्पा पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक आहेत. घोडे, गाढवं आणि खेचरं यांनाही आपल्यासारखा फ्लू होतो आणि एका जनावराला झाला की शेजारचं सुटत नाही. तो कुठे सुरू तर होत नाही ना, यावर लक्ष ठेवणं हे आप्पांचं काम. नाकात लांब काडी घालून नमुना घ्यायचा, बर्फाच्या डब्यातून तपासणीला पाठवायचा. मोबाइलवर खोकल्याचे आवाज मागवणं ही मात्र त्यांची स्वतःची युक्ती. नुसत्या आवाजावरून आजार कळत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. "पण आधी कुठं पळायचं ते कळतं ना," असं ते म्हणतात. लग्नाच्या घोडीवाल्यांपासून टांगेवाल्यांपर्यंत सगळे त्यांना खोकले पाठवतात. एकाने मागे बँड वाजत असतानाचा पाठवला होता. एकाने चुकून सासऱ्यांचा पाठवला. आप्पांनी तो दोनदा ऐकला आणि उत्तर दिलं, "हे आमच्या खात्यात येत नाही. पण दवाखान्यात न्या."

माणसांना ते गावाच्या नावानेच हाक मारतात. दूधवाला सटाणा, इस्त्रीवाला घोटी, मी पेठ. चिडले, खूश झाले किंवा काळजीत पडले की ते बागलाणातले असल्याचं कळतं, कारण तोंडून अहिराणी येते. मला एकदा ताप आला तर खाली बोलावलं, "आठे ये. काय व्हयनं?" मग थर्मामीटर लावला. माणसांचाच होता, मी विचारून घेतलं.

"ताप किती दिवस आहे?"

"दोन दिवस, आप्पा."

"मग दोन आठवडे ओझं उचलायचं नाही. पळायचं नाही."

"आप्पा, हे घोड्यांचं झालं."

"फुप्फुस तेच असतं, पेठ."

घरात आप्पा एकटेच. त्यांच्या पत्नी, काकू, पुण्याला मुलाकडे असतात, नातवाचं सगळं त्यांच्यावर आहे. त्यांचा फोन येतो. जेवलात का, गोळी घेतली का, एवढं होतं आणि तिकडे बाळ रडायला लागतं.

तर कचरूभाऊंची गोष्ट. नदीकडच्या वीटभट्टीवर कचरूभाऊंची एकच गाढवीण आहे, चंद्री. ती विटा वाहते, त्यावर त्यांचं घर चालतं. दुसऱ्याच एका आजारात सरकारी माणसं जनावर मारून टाकतात, हे भट्टीवर सगळ्यांनी ऐकलेलं. म्हणून आप्पांची मोटारसायकल दिसली की खोकणारी गाढवं लपवायची, अशी तिथली रीत. एका सुट्टीच्या दिवशी आप्पा भट्टीवर गेले, तेव्हा बर्फाचा डबा धरायला मी मागे बसलो होतो. कचरूभाऊंना चंद्री लपवायला वेळ मिळाला नाही. मग त्यांनी दुसरी युक्ती केली. चंद्री खोकली की तेही खोकायचे, तिच्याहून मोठ्याने.

आप्पांनी थोडा वेळ ऐकलं. "कचरूभाऊ, तुमचा खोकला छातीतून येत नाहीये. तिचा येतोय. नाक कोणाचं धरू, तिचं का तुमचं?"

बाकीचे गाढववाले हसले. कचरूभाऊ मात्र चंद्रीच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले. "साहेब, नेऊ नका. माझ्याकडं हीच हाय."

"कोण नेतंय? फ्लूत कोणी मारत नाही हो. फक्त रिपोर्ट येईपर्यंत हिला वेगळी बांधा."

"वेगळी कुठं बांधू? माझ्या डोक्यावर?"

आप्पा भट्टीकडे बघत राहिले. तिथे खरंच जागा नव्हती. "माझ्या घरामागं बांधा," ते म्हणाले.

नमुना बर्फाच्या डब्यात गेला आणि चंद्री आमच्याकडे राहायला आली. कचरूभाऊ रोज संध्याकाळी गवताचा भारा घेऊन येऊ लागले. पहिल्यांदा आले ते ती जिवंत आहे का बघायला, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ती खात होती. मग ते ओट्याच्या कडेला टेकले. आप्पांनी चहा केला.

पुढे चहा रोजचा झाला. कचरूभाऊ चंद्रीच्या खोड्या सांगायचे, आप्पा जुन्या जत्रांतले घोडे सांगायचे. "साहेब, लय फेकता तुम्ही," असं कचरूभाऊ त्यांना तोंडावर म्हणू लागले होते. आप्पा मोबाइल आत ठेवून बसत. खोकले ऐकायचे राहून जात आणि ते सकाळी घाईने उरकत.

एका सकाळी आप्पांनी मला मोबाइल दाखवला. रिपोर्ट आला होता, चंद्रीला फ्लू नव्हता. भट्टीची धूळच बाधली होती, आणि खोकला आता थांबलाच होता.

"कचरूभाऊंना फोन लावू?" मी विचारलं. एरवी रिपोर्ट आला की आप्पा हातातला घास ठेवून मालकाला कळवतात.

"येतीलच की संध्याकाळी," ते म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला.

संध्याकाळी त्यांनी नाक्यावरून गरम भजी आणली. कचरूभाऊ आले. चहा झाला, मग पुन्हा एक झाला. आप्पांनी एका घोड्याची गोष्ट इतकी लांबवली की तो घोडा दोन जत्रांत विकला गेला. भजी संपली तेव्हा कागदाची घडी घालत ते म्हणाले, "रिपोर्ट चांगला शे. काही नाही तिला. घेऊन जा."

कचरूभाऊ उठलेच. चंद्रीचं तोंड छातीशी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "कधी आला रिपोर्ट? सकाळी कळलं असतं तर दोन खेपा झाल्या असत्या साहेब."

"नेट नव्हतं," आप्पा म्हणाले.

माझ्या हातात मोबाइल होता आणि नेट चांगलं चालू होतं. मी तो खिशात ठेवला.

कचरूभाऊंनी दावं सोडलं. आप्पांनी चपला घातल्या. "नाक्यापर्यंत येतो. ट्रक फार असतात." मी ओट्यावरून पाहत होतो. नाका ओलांडला तरी आप्पा मागे वळले नाहीत. चंद्री मध्ये, दोन्ही बाजूंना दोघं, असे नदीच्या रस्त्याला लागले.

आप्पा परतले तेव्हा चांगलाच अंधार झाला होता आणि त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत विटांच्या धुळीने लाल झाले होते.

"गेलोच होतो तर भट्टीवरच्या बाकीच्यांची नाकं बघून आलो," नळाखाली पाय धूत ते म्हणाले. "उद्यापण जावं लागेल."

भट्टीवर दिवे नाहीत. नाकं कशी दिसली, हे मी विचारलं नाही.