टोपलीखालचं पीठ

नाना कुणा मयताच्या घरी गेले की हार, उदबत्ती काही नेत नाहीत. भिंग आणि मोजपट्टी नेतात.

मी त्यांच्या जव्हारच्या घरी स्वयंपाक आणि झाडलोट करते. कचेरीतून निवृत्त झाल्यावर नाना पुस्तक लिहायला बसले. मेल्यावर माणूस उरतो का, यावर. त्यांचं पुस्तक, आणि ताप मला.

आमच्याकडे माणूस गेला की दिवसकार्याच्या आदल्या रात्री त्याच्या जागेवर पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात पाऊल दिसलं, तर तो येऊन गेला. नानांना अशी टोपली कळली की निघालेच. गावची बोली त्यांना समजत नाही, म्हणून मलाही ओढतात.

साखरशेतला एक म्हातारी रडत होती. "आला गं माझा म्हातारा!"

नाना पिठावर वाकले. "बारीक बोटं. मागे शेपटीची रेघ. पाल आहे."

"मग पालच झाला असंल. जन्मभर भिंतीलाच टेकून होता."

"पण पुरावा काय?"

"आता पालीनं तुला बोलून सांगावं का रं?"

तिच्या सुनेनं आम्हाला हाकललं. नानांना हात जोडले, शिव्या मला दिल्या.

घरीही तेच. उंदराचं पाऊल कसं, झुरळाचं कसं, हे पाहायला माझं भाकरीचं पीठ ओट्याखाली पसरायचं. मी कुरकुरले की माई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "अगं, निदान घरात बसलेत. लोकांचा मार तरी खात नाहीत."

त्या माई गेल्या. मधल्या खोलीत त्यांच्या भावानं पीठ पसरलं, टोपली घातली. मला वाटलं, आता भिंग निघणार. मनातून रागच आला.

सकाळी सगळे जमले. भाऊ टोपली उचलायला वाकला, तर नानांनी वरून हात दाबला.

"राहू दे."

"दाजी, पुढचं सगळं खोळंबलंय."

"खोळंबू दे."

"अहो, ताई आली की नाही ते बघायचंय ना?"

नाना हललेच नाहीत. शेवटी भाऊ चिडून निघून गेला. मलाही राहवलं नाही. म्हटलं, "नाना, सगळ्यांच्या टोपल्या उघडल्यात. हीच का नाही?"

त्यांनी टोपलीवरचा हात काढला नाही. मग हळूच म्हणाले, "कोरं निघालं तर काय करू, मंजू?"

टोपली अजून तिथंच आहे. आत किडे झाले असतील. मुंग्यांची रांग लागते. रोज माझं डोकं उठतं, आणि रोज मी तिच्या भोवतीनं हलक्या हातानं झाडून घेते. नाना तिथंच शेजारी बसून लिहितात, घामानं निथळत.

काल विचारलं, पंखा तरी लावू का?

"नको," म्हणाले. "पीठ उडेल."