बरणीतली गर्भारीण

"उद्या रविवारी या मनोहरराव, पिल्लं दाखवतो! नाही दाखवले तं मिशा उतरवून ठेवतो!"

शनिवारी सकाळी अख्ख्या हापिसासमोर शालिकराम असं बोलून बसला. मनोहररावांच्या धरमपेठेतल्या घरी दिवाणाएवढी काचेची पेटी, तिच्यात रंगीत मासे. "झिंगे कोणी पाळते काय गा? झिंग्यांची चटणी करतात!" असं ते मागे चारचौघांत म्हणाले होते. तेव्हापासून शालिकरामला घास गोड लागत नव्हता. त्याच्याकडे किराणा दुकानातली बिस्किटांची बरणी. तिच्यात तलावातलं शेवाळ आणि करंगळीच्या नखाएवढे झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली बारकी कोळंबी. पण त्यातली एक मादी पोटाखाली अंडी घेऊन हिंडत होती, आणि अंड्यांत काळे डोळे दिसू लागले होते. आज ना उद्या पिल्लं निघणारच!

नेमकं त्याच दुपारी ऐंशी सालचं ते मोठं सूर्यग्रहण. आणि घरात उमरेडहून आलेल्या सासूबाई, तुळसाबाई!

"ग्रहण सुटलं की घरात जुन्या पाण्याचा थेंब नाही राह्यला पाहिजे," त्यांनी बजावलं. "मटका, बादल्या, सारं फेकाचं. ते बरणीबी!"

"मामी, तिच्यात जीव आहेत!"

"जीव ठेवा तुम्ही, जावईबापू. पाणी जाईनच."

शालिकरामने बायकोकडे पाहिलं. मनकर्णाने दोन्ही हात वर केले.

दुपारी रस्ता चिडीचूप झाला. दारं-खिडक्या लागल्या. ग्रहण-बिहण शालिकराम मानत नव्हता. पण गर्भारणीवर ग्रहणाची सावली पडू देत नाहीत, हे लहानपणापासून ऐकलेलं. तो उठला आणि बरणीवर धोतर पांघरून आला. दुहेरी!

"तुमचा तं विश्वास नाही ना?" मनकर्णा म्हणाली.

"माझा नाही वं. पण तिचा असला तं?"

ग्रहण सुटलं, आणि तुळसाबाई पदर खोचून उठल्या. भस्सकन मटका पालथा! एक बादली गेली, दुसरी गेली. झिंगे काढायचे ते कशात? नळ संध्याकाळी येणार. घरात न बाटलेलं पाणी एकच, तुळसाबाईंनी आधीच तुळशीचं पान टाकून ठेवलेला त्यांचा पिण्याचा गडू!

त्याने तो हळूच उचलला. चहाची गाळणी घेऊन बरणीवर तुटून पडला. बाकीचे झिंगे पटापट आले, पण बाईसाहेब शेवाळात! गाळणी डावीकडे, तर ती उजवीकडे. तिला धक्का लागला, अंडी गळाली, की संपलं सगळं. त्याच्या कपाळाचा घाम बरणीत टपकत होता.

"झालं काय जावईबापू?" मागून आवाज आला. "का मीच फेकू?"

"तुम्ही हात नका लावू! माझी बरणी, मीच फेकतो!"

सापडली! अलगद गडूत सोडली. मग त्याने बरणी मोरीत उपडी केली, शेवाळ उकिरड्यावर टाकलं, आणि सासूचं तोंड कायमचं बंद व्हावं म्हणून बरणी राखेने घासून लखलखीत केली. वळून बघतो तर काय! उपासाने घसा सुकलेल्या तुळसाबाईंनी गडू तोंडाला लावायला उचललेला!

"मामी! पिऊ नका! खाली ठेवा!"

तुळसाबाईंनी गडूत डोकावलं. "अवं माय! माझ्या पाण्यात झिंगे!"

"उद्यापर्यंतच, मामी! पाया पडतो. तिचे पिल्लं निघू द्या!"

तुळसाबाई गडू घेऊन दारातल्या उजेडात गेल्या. जन्मभर मागावर तुटला धागा हुडकलेले डोळे ते. पाणी हळूच कलतं करून त्यांनी निरखून पाहिलं.

"सकाळी मले दाखवली, तेच का हे?"

"तेच."

"हिच्या पोटाखाली तं काहीच नाही."

शालिकरामने गडू हिसकावून घेतला. खरंच! पोट साफ. एक अंडं नाही.

"बाळंत झाली वं पोरगी," तुळसाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तुम्ही पांघरून ठेवली ना? अंधार भेटला, निवांत जागा भेटली, झाली मोकळी. पिल्लं सुईच्या टोकाएवढे असतीन, कुठं दिसतात? बरणीतच असतीन पहा. कुठं आहे ते पाणी?"

शालिकरामने लखलखीत बरणीकडे पाहिलं. मनकर्णा मोरीकडे बघत राहिली. पाणी केव्हाच नालीला लागलं होतं.

तुळसाबाईंनी त्याच्या हातातला गडू घेऊन हळूच खाली ठेवला, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि लेकीच्या कानाशी लागल्या.

"बरं झालं बाई, म्या त्या बरणीले हात नाही लावला!"