बामाबाय आणि आमचं कच्चं लग्न

आमचं लग्न कच्चं आहे, ही गोष्ट मला लग्नानंतर चौथ्या दिवशी डोंबिवलीत कळली.

तोपर्यंत मी निर्धास्त होतो. पुण्याला थाटात लग्न झालं होतं. पाच भटजी होते, चौघडा होता, आंतरपाट धरणाऱ्या मामाला ऐन मुहूर्तावर उचकी लागली, एवढं सोडलं तर विघ्न म्हणून नव्हतं. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून. ठाण्यात जागा होत्या, पण त्यांना घरमालकही होते. म्हणून डोंबिवलीला खाडीच्या अंगाला दोन खोल्या घेतल्या. त्या काळची डोंबिवली म्हणजे एक स्टेशन, पाच-सहा बंगल्या आणि उरलेली भातशेती. संध्याकाळी दार उघडं राहिलं तर आधी बेडूक येत आणि त्यांच्या मागून पाहुणे.

तर त्या चौथ्या सकाळी आमची ही आणि मी जरा चढ्या आवाजात बोलत होतो. विषय आठवत नाही, बहुधा चहातली साखर. तेवढ्यात शेजारच्या कुडापलीकडून आवाज आला. आवाज म्हणजे काय! आमच्या फळीवरची कपबशी थरथरली आणि भिंतीवरची पाल खाली पडली.

"अरं कारकुना! लगीन कोनी लावला तुमचा?"

"भटजींनी," मी घाबरून म्हणालो.

"आनि धवला कोन गायला?"

"धवला नाही बुवा. मंगलाष्टकं झाली."

"मंग कच्चा हाय. भांडनारच."

एवढं बोलून तिने धुणं आपटायला घेतलं. न्यायाधीशाने निकाल सांगून पुढचं प्रकरण पुकारावं तसं.

ही बामाबाय. धवलारीण. खाडीकाठच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालतं, नवरा जरा तिरळा असला तरी चालतं, पण धवलारीण नसली तर मांडव उभा राहत नाही. हळद दळण्यापासून नवरी सासरचा उंबरठा ओलांडेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं तिच्याकडे गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. गाणं संपलं की ती गोष्ट झाली. गाणंच झालं नाही, तर मग हजार माणसं जेवून गेली तरी ती नुसती पंगत.

बामाबाय हे आजीकडून शिकली. दुधाचे दात पडायच्या आधी तिने पहिलं लग्न लावलं म्हणे. नवरीच्या मांडीवर बसून. तेव्हापासून तिचा गळा थांबला नव्हता. कल्याणहून शीळफाट्यापर्यंत चालत जा, वाटेत जो भेटेल तो एक तर बामाबायने लग्न लावलेला, नाही तर तिने लावलेल्या लग्नातून झालेला. आमच्या मामलेदारसाहेबांना डोंबिवलीत जेवढे लोक नमस्कार करत, त्याच्या दसपट तिला करत, आणि ती मात्र प्रत्येकाला भर रस्त्यात विचारी, "काय रं, नीट नांदतंस ना? का येऊ परत गायला?" धडधाकट माणसं या प्रश्नासरशी बायकोच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेत.

ती कधी गुणगुणत नसे. दळताना नाही, पाणी भरताना नाही. एवढा गळा, आणि घरात चिडीचूप! मी एकदा कारण विचारलं.

"येकदा गुनगुनले व्हते," ती गंभीरपणे म्हणाली. "तळ्यावर. समोर दोन बदकं व्हती."

"मग?"

"मंग काय? लागला त्यांचा लगीन."

त्यानंतर ती बदकं एकमेकांपासून वीतभर हलली नाहीत, आणि बामाबायने त्यांना रीतसर तांदळाचं जेवण घातलं. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यातलं उरलेलं एक बदक मी स्वतः पाहिलं आहे. दुसरं गेल्यापासून ते फार गप्प असे.

याहून मोठी गोष्ट खाडीची. एकदा बामाबाय या काठावर एका मांडवात गात होती. वारा फिरला आणि धवला सरळ पाण्यावरून पलीकडच्या गावात गेला. तिथे एका घरी त्याच दिवशी हळद लागलेली, पण त्यांची धवलारीण तापाने फणफणलेली. पोरगी आणि पोरगा पाटावर बसले, सगळ्या गावाने श्वास रोखला, आणि अलीकडच्या गाण्यावर पलीकडचं लग्न लागलं. नाव घ्यायची जागा आली की पलीकडचे लोक आपली नावं ओरडत, एवढंच.

"आणि ते लग्न पक्कं?" मी विचारलं.

"ह्याहून पक्का! आवाज पोचला की लगीन पोचला. बाई कुठं हुबी हाय त्याला काय करायचा?"

आता तिच्या गाण्यातली एक खोड सांगतो. धवला दोघींनी म्हणायचा असतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची. बामाबाय मात्र एकटी गायची. ओळ टाकायची आणि गप्प राहायची. बरोबर एका ओळीएवढी गप्प. मग पुढची ओळ. त्या रिकाम्या जागेत वऱ्हाडी खोकून घेत, म्हातारे तंबाखू मळून घेत. गावातल्या चार बायका ओळ उचलायला तयार होत्या, पण एकीने तोंड उघडलं की बामाबाय अशी बघे की तिला आपलं स्वतःचं लग्न आठवे.

"थांबता कशाला मध्ये?" मी एकदा म्हणालो.

"थांबत नाय. जागा ठेवते."

ती जागा मंजुळेची होती. बामाबायची एकुलती एक पोर, नवरा गेल्यावर एकटीने वाढवलेली. दहा वर्षं आईची ओळ तिने उचलली आणि एके दिवशी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या वसंत नावाच्या कोकणी मुलाबरोबर ठाण्याला जाऊन कागदावर सही करून लग्न केलं. जात वेगळी, गाव वेगळं, हे बामाबायने गिळलं असतं. पण ज्या बाईने खाडीपलीकडची लग्नं लावली, तिच्या पोरीचं लग्न एका साहेबाने लावलं, आणि तेही न गाता!

"येक ओळ तरी बोलला काय तो सायेब? खुर्चीत बसून शिक्का मारला! पोर हाय का पोस्टाचा पाकीट?"

तिच्या हिशेबी हे कच्च्यातलं कच्चं. आणि कच्च्या लग्नाच्या घरचं पाणी ती पीत नसे. लेकीकडे गिरगावला जायचा प्रश्नच मिटला. (आमच्याकडे ती रोज चहा पिई. "च्या म्हंजे पानी नाय," असा तिचा निर्वाळा होता.)

मंजुळेची पत्रं माझ्या पत्त्यावर येत. ती वाचायचीही एक रीत ठरली होती. बामाबाय ओटीसमोर कोलंबी सोलत बसे आणि म्हणे, "कारकुना, तुजा कागद आयलाय ना? वाच तुजा तू. मी ऐकत नाय." मी माझं मी वाचत असे, फक्त जरा मोठ्याने. हळू वाचलं की कोलंबी थांबे.

एक दिवस मी वाचलं, "आईला सांगा, मला दिवस गेले आहेत. आता माहेरी यावंसं वाटतं, पण आई दारात घेईल का? सकाळी घरमालकिणीकडे रेडिओ ऐकत बसते. परवा कुठल्याशा बाईंनी ओव्या म्हटल्या. मला वाटलं, आईच. पण ती मध्ये थांबली नाही."

कोलंबी थांबली. सोललेली सालांत गेली आणि सालं पातेल्यात.

"कच्च्या लग्नाचा पोर," बामाबाय स्वतःशीच म्हणाली. आमच्याकडचा चहा तिने त्या दिवशी तसाच ठेवला.

इथे सबनीस आले. सबनीस हे रेडिओवरचे गृहस्थ. चष्मा, कोट, आणि लोकगीतांवर एवढं प्रेम की बोलताना डोळे मिटत. आधी दोनदा ते बामाबायकडे येऊन मार खाता खाता वाचले होते. पहिल्यांदा तिने विचारलं, "लगीन कोनाचा?" हे म्हणाले, "कुणाचं नाही, नुसतं गाणं." ती म्हणाली, "तुमच्यात बाळाशिवाय नुसता बारसा करतात काय?" दुसऱ्यांदा ते पेढे घेऊन आले, तिने पेढे ठेवून घेतले आणि त्यांना घालवून दिलं. आता तिसरी खेप. हे लांबूनच, पळायच्या तयारीत उभे.

"ये बाबा," बामाबाय म्हणाली. "तुज्या पेटीतना आवाज कुठवर जातो?"

"कुठवर म्हणजे? पार गोव्यापर्यंत!"

"गोव्याचा मना काय करायचा? गिरगावला जातो?"

"गिरगाव तर हाकेवर आहे, बाई."

"मंग गाते. पन नवरानवरी पायजेल. वाऱ्यावर धवला सोडनार नाय मी. कोनाचा लागंल नि कोनाचा नाय!" सबनिसांचा चेहरा पडला. तिने आमच्याकडे बोट दाखवलं. "हे दोघं हायेत ना. कच्चेच हायेत."

अशा रीतीने आमचं लग्न आकाशवाणीने लागायचं ठरलं. आमची ही इतकी खूश झाली की तिने लग्नातला शालू काढला. त्या संध्याकाळी बामाबायने मला मंजुळेला एक कार्ड लिहायला सांगितलं. "जास्त लिवू नको. लिव, रविवारी सकाळी साडेआठला दोघांनी रेडूपाशी बसा. आंगोळ करून." मला वाटलं, म्हातारीला मिरवायचं आहे.

रविवारी आम्ही मुंबईला रेडिओच्या काचेच्या खोलीत उभे राहिलो. मी मुंडावळ्या बांधून, ही शालूत. बामाबायने वाटीतली हळद आम्हाला अशी फासली की सबनीस काचेपलीकडून हात जोडून म्हणत होते, "यंत्राला लागू देऊ नका हो!" त्यांनी सक्त बजावलं होतं, गाणं पाच मिनिटांत संपवा, आणि मध्ये अजिबात थांबू नका. रेडिओ क्षणभर गप्प झाला की लोकांना वाटतं बिघडला, आणि ते त्याला थापट्या मारतात.

लाल दिवा लागला. बामाबायने पदर सावरला, डोळे मिटले आणि ओळ टाकली.

"हळद उतरली गो मांडवाच्या दारी…"

काचेला तडा गेला असं मी पुढे बऱ्याच लोकांना सांगितलं. तडा नसेल गेला, पण काच विचारात पडली होती खास. आणि मग ती थांबली. एका ओळीएवढी. काचेपलीकडे सबनीस उडाले. हात हलवले, टाय ओढला, खुर्चीवर चढले. अख्ख्या इलाख्यात रेडिओवर थापट्या पडत असणार. बामाबाय ढिम्म. तिने जागा ठेवली, पुरी ठेवली, आणि मगच दुसरी ओळ घेतली.

आता नावांची जागा येत होती. हिने मान खाली घातली. मी छाती पुढे काढली.

"हळद लागली गो मंजुळेच्या आंगी…"

मी हिच्याकडे पाहिलं. हिचं नाव कुमुद.

"मंजुळेच्या शेजारी वसंत नवरा…"

त्या जावयाचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. एवढी पत्रं ऐकून झाली, पण एकदाही तिने ते उच्चारलं नव्हतं. आमची ही हळदीच्या तोंडाने रडायला लागली. मी रडलो नाही. हळद डोळ्यांत गेली होती. काचेपलीकडे सबनीस खुर्चीवरून खाली उतरले, घड्याळाकडे पाहायचं विसरले आणि पाचाची अकरा मिनिटं झाली तरी लाल दिवा तसाच राहिला.

परतताना डोंबिवलीला उतरल्यावर बामाबायने हिच्या गालावरची हळद पदराने पुसली.

"तुमचा कच्चाच रायला गो, पोरी. मंग बघू."

पुढच्याच आठवड्यात मी कचेरीला निघालो होतो. समोरच्या बांधावरून एक किडकिडीत इसम, बोटांना छापखान्याची शाई, डोक्यावर ट्रंक आणि हातात नारळ, असा येत होता. त्याच्या मागे जपून पाऊल टाकत मंजुळा. मी कचेरीत न जायचं ठरवलं. ठाणे जिल्ह्याचा कारभार माझ्यावाचून त्या दिवशी कसा चालला, मला माहीत नाही.

बामाबाय दारात आली. लेकीला आपादमस्तक पाहिलं. मग जावयाला.

"आंगोळ केलती का रविवारी?"

"केली होती," तो म्हणाला. "दोघांनी. घरमालकीणबाईंनी हळदही लावली."

"मंग बायेर कशाला हुबे हाव?" बामाबाय म्हणाली आणि आत पाणी आणायला गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला. पाण्याचा माठ तर दाराशीच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हा दोघांना अंगणात पाटावर बसवलं. दिलेला शब्द पाळायला आली होती. हळद पुन्हा फासली, डोळे मिटले, ओळ टाकली, आणि सवयीने थांबली.

कुडापलीकडच्या घरातून मंजुळेने ती ओळ उचलली.

बामाबायचे डोळे उघडले. पुढची ओळ यायला हवी होती. ती आलीच नाही. कपबश्या थरथरवणारा तो गळा नुसता हलत राहिला. एक ओळ गेली, दोन गेल्या. आत मंजुळा थांबली होती. आईची जागा ठेवून.

शेवटी बामाबायने नाक शिंकरलं आणि माझ्यावर खेकसली, "हललास ना तू, कारकुना! आता परत पयल्यापासना."

मी हललो नव्हतो.

"हललो खरा," मी म्हणालो, आणि आम्ही पुन्हा नीट बसलो.