लाल रबरबँडची बरणी

"आठ दिवस? अगं, आठ महिने जा! एक बरणी सांभाळता येणार नाही होय मला?"

असं छाती ठोकून सांगत पुठ्ठेकाकांनी बायकोला तिच्या आजारी बहिणीकडे रवाना केलं. काका पुस्तकं बांधायचे. उभा जन्म पुठ्ठ्यात गेलेला, त्यामुळे त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. बरणीत होतं पावाचं खमीर, तेही साधंसुधं नाही! काकूंच्या आईने जाण्याआधी लेकीच्या हाती दिलेलं, आणि काकूंनी अठरा वर्षं पीठपाणी घालून जगवलेलं.

"आईच्या हातचं एवढंच उरलंय हो," निघताना काकू म्हणाल्या. "लाल रबरबँडची बरणी. विसरू नका."

विसरतील कसे? फक्त पहिल्याच दिवशी पानांचा गठ्ठा बांधायला त्यांना रबरबँड हवा होता. काढला, आणि काम झाल्यावर आठवणीने परत चढवला. शेजारच्या बरणीला! तिच्यात होती पुस्तकं चिकटवायची खळ. हीही पिठाची, तेही पिठाचं, आणि काकांचं नाक सर्दीने चोंदलेलं. वास येणार कुठून?

तेव्हापासून काका खळीला दोन वेळा जेवू घालू लागले. खळ ढिम्म! बुडबुडा म्हणून नाही. त्यांनी बरणीला मफलर गुंडाळला, खिडकीतल्या उन्हात बसवलं. शेवटी हात जोडले, "सासूबाई, माझं काय चुकलं असेल ते पोटात घाला, पण फुगा हो!"

काकूंचा रोज फोन. "बुडबुडे येतायत ना?"

"येतायत म्हणजे? बरणीत मावेनात!" म्हणायचं आणि घाम पुसायचा.

सहाव्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला हाताला धरून आणलं. "बघ, निदान दुप्पट तरी झालंय."

"काका, हे वाढलेलं नाही. तुम्ही भरलंय." बेकरीवाल्याने चमचा बुडवला. "आणि हे निळसर का दिसतंय?"

चमचा तोंडाकडे निघाला आणि काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"थांब! मोरचूद आहे त्यात!"

पुस्तकांना कसर लागू नये म्हणून काका खळीत हे विष स्वतःच्या हाताने घालत. चमचा खणकन खाली पडला.

"अहो, मग खमीर कुठंय?"

उत्तर दारातूनच आत आलं. वाचनालयाच्या बाई, कडेवर चार रजिस्टरं. "काका, परवाच बांधून दिलीत ना? बघा, कशी पोटं सुटलीयत!"

पुठ्ठे वर आलेले, पाठी सुटलेल्या, आणि आंबूस वास असा की काकांचं नाकच मोकळं झालं. ते कामाच्या टेबलाकडे धावले. तिथल्या बरणीच्या तळाशी जेमतेम दीड चमचा खमीर उरलं होतं. काका मटकन खाली बसले. "हिला काय तोंड दाखवू?"

"उठा! जिवंत आहे ते," बेकरीवाला म्हणाला.

दोन दिवस तो आपली भट्टी सोडून सकाळ-संध्याकाळ येत राहिला. बाईंनी रजिस्टरांबद्दल चकार शब्द काढला नाही, वर काकूंना न सांगण्याची शपथ घेतली. आठव्या दिवशी खमीर फसफसून, आपल्या बरणीवर परत आलेल्या लाल रबरबँडपर्यंत चढलं. काकांना भरून आलं. "देवासारखे धावलात रे दोघं!" एवढंच त्यांना बोलता आलं.

काकू आल्या, पाव भाजला, दोघांनाही बोलावलं. सोनेरी, टम्म पाव! काकूंचे डोळे पाणावले. "माझ्यामागे आईचं हे कोण बघणार, अशी धास्ती होती. ती गेली. तुमचे उपकार कसे फेडू हो?"

काकांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं, बेकरीवाल्याने छताकडे.

"खरंच काकू," बाई भरल्या तोंडाने म्हणाल्या, "काय फुगलाय! अगदी आमच्या रजिस्टरांसारखा!"

"कुठली रजिस्टरं?" काकूंनी विचारलं.

काकांना ताबडतोब पुन्हा सर्दी झाली.